पहिल्या वर्षात बाळाला शांत करण्याची रीत

सहा आठवड्यांचं बाळ एकदा रडायला लागलं की त्याला आपलं आपण थांबता येत नाही. यात हट्ट नसतो. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून अगदी कोवळा असतो आणि तो पुरता घडायला पंचविशी उजाडते. स्वतःला सावरायचे तान्ह्याकडे असलेले उपाय मोजकेच: मूठ चोखणं, नजर दुसरीकडे वळवणं, डोळे मिटून झोपून जाणं. बाकीचं काम त्याला उचलून घेणाऱ्या माणसाच्या अंगानं होतं. छातीची ऊब, ओळखीचा आवाज, चालण्याचा ठेका आणि दूध मिळालं की बाळाच्या हृदयाचे ठोके उतरतात, वळलेल्या मुठी सैल होतात. दिवसातून कितीतरी वेळा, महिनोन्‌महिने हे घडत गेलं की रडून लाल झाल्यावरही पुन्हा निवळता येतं, हे त्याच्या अंगवळणी पडतं. दोन-तीन वर्षांचं मूल हातातलं खेळणं हिसकावल्यावर थोडंफार सावरतं, ते याच शिदोरीवर.

पुढे ‘आई’ हा शब्द वारंवार येईल, कारण बहुतेक घरांत पहिले महिने बाळ तिच्याच अंगावर असतं. पण बाबा, आजी किंवा मावशीनं हेच नेमानं केलं तरी ते लागू पडतं. फक्त सांभाळणारी माणसं सारखी बदलती नसावीत.

हाताची सवय लागेल का?

‘सारखं उचलू नका, लाडावेल’ हे वाक्य प्रत्येक बाळंतिणीला ऐकावं लागतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याकडे खुशाल दुर्लक्ष करा. मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली २६ आया आणि त्यांच्या बाळांचं वर्षभराचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. सुरुवातीला ज्यांच्या रडण्याला लवकर प्रतिसाद मिळाला ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. या निष्कर्षावर पुढे वाद झाले. बाळाच्या बारीक कुरकुरीला लगेच धावून न जाण्यानं काही बिघडत नाही, असंही नंतरच्या अभ्यासात दिसलं. दोन्हींतून निघणारा व्यवहार सोपा आहे: खरं रडणं असेल तर लगेच जा, नुसतं कण्हणं-कुंथणं असेल तर अर्धा-एक मिनिट कान देऊन थांबा. पुष्कळदा बाळ मूठ तोंडात घालून आपलंआपण गप्प होतं, आणि ही संधी त्याला मिळायला हवी.

आधी बाळाची अवस्था ओळखा

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी तान्ह्या बाळाच्या सहा अवस्था सांगितल्या: गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जागेपण, चुळबुळीचं जागेपण आणि रडणं. बोलण्या-खेळण्याची खरी वेळ चौथी. तेव्हा डोळे चमकदार आणि एकटक असतात, हातपाय जवळजवळ स्थिर असतात, श्वास एकसारखा चालतो. पहिल्या आठवड्यांत ही वेळ काही मिनिटांचीच असते आणि ती नेमकी लंगोट बदलण्यात किंवा पाहुण्यांना बाळ दाखवण्यात निघून जाते.

हलकी झोप ओळखता न आल्यामुळे घरोघरी होणारी चूक अशी: बाळ झोपेत तोंड वाकडं करतं, बारीक आवाज काढतं, पापण्यांखाली बुबुळं फिरतात, आणि ‘उठलं वाटतं’ म्हणून त्याला उचललं जातं. मग ते खरंच उठतं आणि चिडतं.

भुकेची खूण रडण्याच्या बरीच आधी दिसते. मान वळवून तोंड उघडणं, ओठ चाटणं, मूठ तोंडाकडे नेणं. एवढ्यावर पाजायला घेतलं तर बाळ नीट पितं. रडून लाल झाल्यावर घेतलं तर जीभ वर टाळूला लागलेली असते, स्तन तोंडात नीट धरला जात नाही. अशा वेळी आधी उभं धरून शांत करायचं, मग पाजायचं.

समोरासमोरचा खेळ

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सर्वांत स्पष्ट दिसतं. अंगावर पिताना आईचा चेहरा जवळपास एवढ्याच अंतरावर येतो. खेळतानाही तेवढंच अंतर ठेवा. मांडीवर किंवा वर घेतलेल्या गुडघ्यांवर बाळाला टेकवा, डोक्याला आधार द्या. खोलीला एकच खिडकी असेल तर तुमचं तोंड खिडकीकडे हवं. पाठ खिडकीकडे असली की बाळाला नाक-डोळे दिसतच नाहीत, नुसती काळी आकृती दिसते, आणि मग ते उजेडाच्या चौकटीकडेच बघत बसतं.

एक छोटं वाक्य बोला, थोडं लांबवून, थोड्या चढ्या सुरात. मग गप्प बसा. बाळाला उत्तर द्यायला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. मनातल्या मनात सात-आठ आकडे मोजा. उत्तर म्हणजे भुवया वर जाणं, ओठांचा चंबू, पायाची एक लाथ, दुसऱ्या महिन्यापासून ‘आ-गू’. ते आलं की त्याचीच नक्कल करा आणि पुन्हा थांबा. हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांत येतं. त्याआधी ते येत नाही म्हणून जोर लावायचं कारण नाही.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. बाळ मधेच मान वळवतं आणि भिंतीकडे बघत राहतं. घरातल्यांना वाटतं, लक्ष उडालं. मग चुटक्या, खुळखुळा, ‘इकडे बघ, इकडे बघ’, आणि बाळाच्या नजरेमागे आपला चेहरा फिरवणं सुरू होतं. बारशाच्या दिवशी हे पाच-सहा जण एकाच वेळी करतात. खरं म्हणजे बाळ त्या क्षणी स्वतःला सावरत असतं. नजर वळवण्याच्या आधी त्याच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात आणि वळवल्यावर ते उतरतात, हे मोजून पाहिलेलं आहे. तेव्हा मागे या, आवाज बंद करा, हात त्याच्या पोटावर नुसता ठेवा. दहा-वीस सेकंदांत बाळ बहुधा आपणहून परत बघतं. तीनदा मान वळवली, जांभई दिली, उचकी किंवा शिंक आली, बोटं फाकवली, पाठ ताणली, तर खेळ संपला. दुसऱ्या महिन्यात दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. चौथ्या महिन्यात दहा मिनिटं सहज जातात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. आई बाळाशी काही मिनिटं खेळते, मग दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून तिला ओढू पाहतं, हात पुढे करतं, आवाज चढवतं, मग मान वळवतं, आणि शेवटी रडकुंडीला येतं. पुढे हाच प्रयोग आईच्या हातात मोबाइल देऊन केला गेला, तेव्हाही बाळांची तशीच चलबिचल झाली. म्हणून पाजताना किंवा खेळताना मोबाइल बघायचाच असेल तर त्याआधी खेळ थांबवा आणि बाळाला बाजूला ठेवा. बाळाकडे तोंड करून अर्ध्या मिनिटाला एकदा स्क्रीनकडे बघणं त्याला जास्त गोंधळात टाकतं.

पण याच संशोधनाची दुसरी बाजू लोक विसरतात. चांगली जमलेली आई आणि बाळ पाहिली तरी दोघांचे भाव जुळलेले असतात ते साधारण ३० टक्केच वेळ. उरलेला वेळ चुकामूक असते: बाळ हसतं तेव्हा आई भाजीचा गॅस बघत असते, आई गाते तेव्हा बाळ पेंगत असतं. बाळ घडतं ते ही चुकामूक पुन्हा पुन्हा दुरुस्त होताना. मानसशास्त्रज्ञ बीट्रिस बीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चौथ्या महिन्याच्या बाळांमध्ये असंही दिसलं की आईचा प्रतिसाद मधल्या पट्टीतला असलेला बरा, फार ढिला नको आणि फार घट्टही नको. बाळाच्या प्रत्येक हालचालीवर झडप घालणारी सावध आई त्याला स्वतःकडे वळायची उसंतच देत नाही. कागदावर प्रत्येक रडण्याची वेळ लिहून ठेवणाऱ्या पालकांनी ती वही खुशाल मिटावी.

रडणाऱ्या बाळाला शांत करताना

पहिल्यांदा कारण शोधा. भूक, ओला लंगोट, उकाडा. मुंबईत मार्चपासून पुढे उकाडा हे कारण फार वेळा असतं आणि तरी अंगावर दुपटं, टोपरं, मोजे सगळं असतं. हात-पाय गार लागले तरी फसू नका. मानेमागे आणि पाठीवर हात लावून बघा; तिथे घाम असेल तर कपडे काढा. दुपट्यात गुंडाळत असाल तर पाय बेडकासारखे दुमडून हलवता आले पाहिजेत, आणि बाळ कुशीवर वळू लागलं की गुंडाळणं बंद. मग झबल्याची नाडी कुठे रुतते का ते बघा. पायाची बोटं एकेक सुटी करून बघा. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आईचे केस गळतात, त्यातला एखादा मोज्यात बाळाच्या बोटाला घट्ट गुंडाळला जातो, बोट सुजतं आणि बाळ कशानंच थांबत नाही. केस सहज निघाला नाही तर थेट दवाखाना.

कारण सापडलं नाही, तर पुढचा क्रम.

उचलण्याआधी स्वतः दोन-तीन श्वास घ्या आणि सोडताना लांबवा. ताठलेले खांदे आणि धावता श्वास छातीला टेकलेल्या बाळाला जाणवतोच. पोटाला पोट लावून उभं धरा, एक हात ढुंगणाखाली, दुसरा मानेमागे. सुरुवातीला तुमचा आवाज बाळाच्या रडण्याच्या जोराला जवळचा असू द्या, ‘अगंबाईऽ, किती रडू आलं’ असा, आणि मग एकेका वाक्यागणिक तो खाली आणि संथ आणा. पहिल्याच क्षणी कुजबुजलात तर रडण्यात ते ऐकूच जात नाही.

मग चाला. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासात २१ बाळं होती. पाच मिनिटं कडेवर घेऊन एकसारखं चालल्यावर रडणारी बाळं शांत झाली आणि जवळजवळ निम्मी झोपली. पुढचा भाग जास्त उपयोगाचा आहे: झोपलेल्या बाळाला लगेच खाली ठेवलं तर ते उठतं. झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसा, मग ठेवा. चालण्याचा वेग एकसारखा हवा, झटके आणि गर्रकन वळणं नकोत. वन-रूम-किचनमध्ये चार पावलांवर वळावं लागतं, त्यापेक्षा चाळीची गॅलरी किंवा इमारतीचा पॅसेज बरा.

एक उपाय किमान तीन-चार मिनिटं करा. वीस सेकंद चालणं, मग पाळणा, मग खुळखुळा, मग आजीकडे, मग परत आईकडे अशा फेऱ्यांत बाळाला कुठलीच लय मिळत नाही. घरात चार माणसं असली तर तिघांनी बाहेर बसायचं, दिवा मंद करायचा, टीव्ही बंद.

रडण्याचं वेळापत्रकही माहीत असावं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. जोर बहुधा संध्याकाळी. तिन्हीसांजेला रडतं म्हणून दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहऱ्या ओवाळायला हरकत नाही, तेवढ्यानं घरातली मोठी माणसं तरी शांत होतात. मिरच्या मात्र बाळाच्या खोलीत जाळू नका, आणि ओव्या-धुपाची धुरीही नको.

इथे आपल्या रिवाजाची एक अडचण आहे. सव्वा महिना झाला की मालिशवाली बाई सुटते, माहेरून परत आणलं जातं, नवऱ्याची रजा तर केव्हाच संपलेली असते. म्हणजे रडणं ऐन भरात येतं त्याच आठवड्यात आई एकटी पडते. मदतीचं नियोजन तिसरा महिना संपेपर्यंतचं करा. पैसे मोजकेच असतील तर पहिल्या पंधरवड्यातली बाई कमी करून ती पाचव्या ते दहाव्या आठवड्यात, संध्याकाळी, दोन तासांसाठी ठेवा.

सगळं करूनही रडतंय आणि तुमचं डोकं तापलंय, तर बाळाला पाळण्यात पाठीवर निजवा, दार लोटा, पाच मिनिटं बाहेर जा, पाणी प्या. पाच मिनिटांच्या रडण्यानं बाळाला इजा होत नाही. रागाच्या भरात गदगदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, कायमचं अपंगत्व येऊ शकतं, जीवही जाऊ शकतो.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, डोक्यावरची टाळू फुगलेली, पिणं सोडलेलं, अगदी क्षीण किंवा नेहमीपेक्षा वेगळंच कर्कश रडणं, यातलं काहीही असेल तर शांत करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

चटकन गप्प करणारे उपाय

जायफळाचं चाटण झोपेसाठी देऊ नका, त्याची मात्रा तान्ह्याला सहज बाधते. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळगुटी आणि ग्राइप वॉटरही नको. गिरणगावात एके काळी कामावर जाणाऱ्या बाया बाळाला अफूची बाळागोळी देऊन झोपवत. आज ते काम मोबाइलवरच्या गाण्यांना दिलं जातं. बाळ गप्प होतं हे खरं, पण त्यात चेहरा नाही, स्पर्श नाही आणि बाळाची पाळीही नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. गावाकडच्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो.

मालिश आणि त्वचेला त्वचा

मालिश हा शांत होण्याचा उत्तम सराव आहे, पण बाळाच्या कलानं केली तरच. पाजल्यानंतर पाऊण तास जाऊ द्या. खोबरेल तळहातावर चोळून कोमट करा, आधी बाळाच्या पायावर हात नुसता ठेवा, ‘आता पाय हं’ म्हणा, मग दाबा. दाब ठाम हवा. हलक्या बोटांनी गुदगुल्या होतात. नाका-कानांत तेल घालायचं नाही. बाई जोरात रगडते, बाळ किंचाळतं आणि मग तीन तास झोपतं, त्याला ‘छान झोप लागली’ म्हणतात. ती बरीचशी दमून गेल्याची झोप असते. रडलं की हात थांबवायला बाईला सांगा, आणि ऐकत नसेल तर स्वतः करा.

बाळ कमी वजनाचं असेल तर छातीवर उघडं ठेवण्याची कांगारू पद्धत डॉक्टरांना विचारून घरीही चालू ठेवा. बोगोटा इथे १९७० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली ही पद्धत परळच्या केईएम रुग्णालयात बरीच वर्षं वापरली जाते. बाबांच्या छातीवरही ती तितकीच चालते.

सहा महिन्यांनंतर

आता बाळाला पुढे काय होणार याचा अंदाज येऊ लागतो, त्यामुळे ठरलेला क्रम शांत ठेवतो: आंघोळ, दूध, दिवा मंद, अंगाई, झोप. घड्याळ मागेपुढे झालं तरी चालेल, क्रम मोडू नका. पदराआड ‘बुवाऽ कुक’ खेळा: तोंड झाकल्यावर एक-दोन सेकंदच थांबा आणि बाळाचा चेहरा पडायच्या आत बाहेर या. थोडा ताण आणि लगेच सुटका, यापेक्षा सोपा सराव नाही.

बाळ चिडलं तर त्याचा भाव तुमच्या चेहऱ्यावर थोडा वाढवून दाखवा, ‘अस्सा राग आला!’, आणि मग चेहरा सैल करा. खरोखर चिडलात तर बाळ घाबरतं, आणि रडत्या बाळासमोर खदाखदा हसलात तर त्याला आपलं काही पोचलं असं वाटत नाही. वर्षाच्या सुमारास पडल्यावर ते आधी तुमच्याकडे बघतं. १९८५ च्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांपुढे काचेखाली उथळ खड्डा दिसत होता. आईचा चेहरा हसरा असताना १९ पैकी १४ बाळं पुढे गेली, भेदरलेला असताना एकही गेलं नाही. ‘अगं बाई, पडला!’ अशी किंकाळी आधी आवरा, जखम मग बघा.

आई कामावर जाते तेव्हा

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातली जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे बाळ चार ते सहा महिन्यांचं असताना आई कामावर रुजू होते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात परक्या माणसांची भीती आणि आई दूर गेल्याचं रडणं सुरू होतं. पाळणाघर किंवा बाई ठरवायची तर त्याच्या आधी, रजा संपण्यापूर्वी दोन आठवडे. पहिले दोन-तीन दिवस आईनं तिथे बसून राहायचं आणि मावशींना बाळाला घेऊ द्यायचं. मग अर्धा तास बाहेर, मग दोन तास, मग अर्धा दिवस. आईची न धुतलेली ओढणी मावशींच्या खांद्यावर राहू द्या, पाळण्यात मात्र ठेवू नका. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा कायद्यानं आहे, ती मागा.

निघताना लपून पळू नका. बाळ रडू नये म्हणून मागच्या दारानं निसटणारी आई संध्याकाळी घरात असली तरी बाळ तिला चिकटून राहतं, कारण ती कधी नाहीशी होईल याचा नेम नसतो. रोज तेच वाक्य, एक पापी, मावशींच्या हातात देणं, आणि मागे वळून न बघता जाणं. हे सगळं मिनिटभरात.

परतल्यावरची पंधरा मिनिटं राखून ठेवा. विरारच्या गर्दीतून उतरून आलेल्या बाईला आधी हात-तोंड धुवावंसं वाटणारच; धुवा, पण मोरीतूनच बाळाशी बोलत राहा. मग जमिनीवर बसून घ्या. बाळ कधी मान फिरवतं, कधी उगीच रडतं. दिवसभर नीट राहिलेलं बाळही आई दिसताच फुटतं. ‘मावशींकडे किती छान होता, तू आलीस आणि सुरू झाला’ हे टोमणे कुणी मारू नयेत. भाजी पंधरा मिनिटं उशिरा होईल.

आईचंच मन बसलं असेल तर

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यापुढेही उदास वाटत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. अशा आईचा चेहरा बाळासमोर बराच वेळ थिजलेला राहतो, आणि तो तिच्या इच्छेनं हलत नाही. ‘बाळाशी हसत जा’ असं तिला बजावून काही होत नाही. लसीकरणाला जाल तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येत असतील तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. उपचार सुरू झाल्यावरही बाळाची समोरासमोरची वेळ बाबांनी किंवा आजीनं सांभाळावी, आणि आईला रात्री सलग चार-पाच तास झोप मिळेल एवढी पाळी घरातल्यांनी लावून घ्यावी.